‘सर्व्हर बसला’ म्हणजे नेमकं काय झालं? जँगोमधल्या डिनायल ऑफ सर्व्हिस त्रुटींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये बसून सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, पावत्या आणि नोटिसा सांभाळणारं सॉफ्टवेअर चालवतो. ते जँगो नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यावर, बांधलेलं आहे. जँगोचा सुरक्षा-अपडेट आला की आम्ही शनिवारी रात्री अर्धा तास सिस्टीम बंद ठेवतो, आणि रविवारी सकाळपासून फोन सुरू होतात. तीच उत्तरं प्रत्येक सचिवाला वेगवेगळी समजावून घसा बसला, म्हणून हे पान. सुरुवातीचे प्रश्न कमिटी मेंबरांचे आहेत, शेवटाकडचे आमच्याकडे नव्याने लागलेल्या पोरांचे. मधले कुणाचे ते ज्याचं त्याने ओळखावं.

डिनायल ऑफ सर्व्हिस म्हणजे काय? फार टेक्निकल नको.

घोडबंदर रोडवर राहत असाल तर अर्धं उत्तर तुम्हाला माहीत आहे. हा रस्ता दोन प्रकारे बंद पडतो. एक म्हणजे सुट्टीच्या संध्याकाळी सगळेच एकदम बाहेर पडतात. दुसरा म्हणजे गायमुखच्या चढावर एकच ट्रेलर बंद पडतो. पहिल्या प्रकाराला हजारो गाड्या लागतात, दुसऱ्याला एक पुरते. अडकलेल्या माणसाला दोन्हींत फरक कळत नाही, त्याला फक्त घरी जायला उशीर होतो.

पेपरात ज्याच्या बातम्या येतात तो पहिला प्रकार. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की त्यांच्यावर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख रिक्वेस्टचा मारा झाला होता. हे पान त्याबद्दल नाही. तुमच्या सोसायटीच्या बिलांवर एवढी फौज पाठवायला कुणाला वेळ नाही. हे पान ट्रेलरबद्दल आहे. सर्व्हरला एखादीच अशी रिक्वेस्ट येते, जी पाठवायला पाठवणाऱ्याला काही कष्ट पडत नाहीत, पण निस्तरताना सर्व्हरची पूर्ण ताकद खर्ची पडते. अशी रिक्वेस्ट आत घेणारी फट फ्रेमवर्कमध्ये असली की तिला डिनायल ऑफ सर्व्हिसची त्रुटी म्हणतात. ऑफिसात आम्ही नुसतं ‘डॉस’ म्हणतो.

म्हणजे आमचा डेटा गेला का? मेंबरांचे फोन नंबर, बँकेचे तपशील?

नाही. या प्रकारात काही वाचलं जात नाही, काही बदललं जात नाही. फक्त सिस्टीम उत्तर देईनाशी होते.

त्रुटींना गांभीर्याचे गुण देण्याची एक जागतिक पद्धत आहे, सीव्हीएसएस. दहापैकी गुण. गुपित फुटतं का, डेटा बदलता येतो का, सेवा बंद पडते का, हे तीन प्रश्न त्यात वेगवेगळे मोजतात. लॉगिन न करता, लांबून, सहज सेवा बंद पाडता येते आणि बाकी दोन्हींना धक्का नाही, असं असलं की या पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत गणित बरोबर ७.५ वर येतं. सुरक्षेच्या यादीत ७.५ दिसलं की बऱ्याचदा डॉसच निघतो.

गंमत म्हणजे सीव्हीएसएसच्या भाषेत ७.५ म्हणजे ‘उच्च’, पण जँगोची टीम स्वतःच्या धोरणात डॉसला ‘मध्यम’ पायरीवर ठेवते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र बिल भरायच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेअकराला साइट उघडत नाही आणि बारानंतर व्याज लागणार, अशा माणसाला ‘मध्यम’ हा शब्द ऐकवून बघा.

फ्रेमवर्क तुम्ही लिहिलेलं नाही, मग त्यातली चूक आमच्या साइटवर कशी येते?

तुमची बिल्डिंग बिल्डरने बांधली, पण लिफ्ट त्याने बनवली नाही. तसंच. लॉगिन, फॉर्म वाचणं, फाइल चढवणं ही नेहमीची कामं जँगो करतो. आम्ही त्यावर बिलं आणि पावत्या बांधतो. लिफ्टच्या कंपनीने पार्ट बदलायला सांगितलं की बदलावा लागतो.

एका माणसाने एका लॅपटॉपवरून सर्व्हर बसवणं खरंच शक्य आहे का? की तुम्ही आम्हाला घाबरवताय?

शक्य आहे, आणि अनेकदा झालंही आहे. मला सगळ्यात आवडतं ते सप्टेंबर २०१३ चं उदाहरण, सीव्हीई-२०१३-१४४३ (सीव्हीई म्हणजे त्रुटीला दिलेला जागतिक क्रमांक).

पासवर्ड आहे तसा साठवत नाहीत. त्याचं मुद्दाम वेळखाऊ गणित करून उत्तर साठवतात, म्हणजे चोराला अंदाज लावत बसणं परवडत नाही. चांगली सवय आहे. पण पासवर्ड किती लांब असावा याला जँगोमध्ये वरची मर्यादाच नव्हती. कुणी एक एमबीचा पासवर्ड टाकला, तर तो तपासायला सर्व्हरला साधारण एक मिनिट लागायचं. पासवर्ड चुकीचा असला तरी चालेल, चुकीचाच असणार. अशा थोड्या रिक्वेस्ट सतत येत राहिल्या की बाकीचे बाहेर ताटकळत. चोरासाठी लावलेलं कुलूप मालकालाच बाहेर ठेवतं, तसला प्रकार. तातडीचा उपाय म्हणून जँगोने ४,०९६ बाइटची मर्यादा घातली आणि पुढे गणिताची पद्धतच सुधारली.

दुसरं उदाहरण त्याहून जुनं आणि मोठं. डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे या दोघांनी दाखवलं, की पीएचपी, जावा, पायथन, एएसपी डॉट नेट अशा वेबसाइट बनवायच्या जवळजवळ सगळ्याच भाषा-साधनांना एक साधा फॉर्म पाठवून लोळवता येतं. फॉर्ममधल्या रकान्यांची नावं सर्व्हर ‘हॅश टेबल’मध्ये ठेवतो. पोस्टमनच्या खणांसारखी व्यवस्था: नाव बघायचं, खण ठरवायचा, टाकायचं. नावं पसरलेली असली की काम झटपट. पण सगळी एकाच खणात पडतील अशी नावं कुणी निवडून पाठवली, तर प्रत्येक नव्या नावासाठी खणातली आधीची सगळी चाळत बसावं लागतं. रकाने दुप्पट केले की काम चौपट होतं. मायक्रोसॉफ्टने वर्ष संपायच्या दोन दिवस आधी, २९ डिसेंबरला, नेहमीचं वेळापत्रक मोडून पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला.

आणि हा धोका नवा नव्हता. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या क्रॉस्बी आणि वॉलक यांनी २००३ मध्येच त्यावर शोधनिबंध लिहिला होता. पर्लने तेव्हाच दुरुस्ती केली. बाकीच्यांनी आठ वर्षं ‘बघू’ म्हटलं. सोसायटीच्या गळक्या टाकीचा ठराव आठवला असेल, तर नवल नाही.

तुमच्याकडे असा हल्ला कधी झालाय का?

हल्ला नाही. पण सर्व्हर बसला, तो आमच्याच चुकीने, आणि पाणीकपातीच्या नोटिशीने.

एका मोठ्या संकुलाचे सचिव ‘शुक्रवारी पाणी येणार नाही’ ही नोटीस टाकत होते. मजकूर जुन्या एक्सेल शीटमधून उचललेला. त्यांची पद्धत अशी, की शेवटचं ‘आपला विश्वासू, सचिव’ उजव्या कडेला न्यायचं तर स्पेसबार दाबत राहायचं. वर्षानुवर्षं तीच नोटीस कॉपी होत आलेली, दर वेळी थोडी स्पेस वाढलेली, आणि मध्येच कुठल्या तरी रिकाम्या रकान्याने भर घातलेली. नंतर मी मोजल्या. ‘सहकार्य करावे’ आणि ‘सचिव’ यांच्यामध्ये ६१,००० स्पेस होत्या.

आता आमची करामत. मजकुराच्या शेवटच्या मोकळ्या जागा कापायला आम्ही एक रेगेक्स, म्हणजे मजकुरात ठरावीक नमुना शोधायचं सूत्र, लिहिलं होतं: ‘सलग स्पेस शोध, आणि त्यानंतर मजकूर संपतो का बघ’. दिसायला निरागस. ते काय करतं? पहिल्या स्पेसपासून ६१,००० पुढे चालत जातं, तिथे मजकूर संपत नाही, ‘सचिव’ उभे असतात. मग परत येऊन दुसऱ्या स्पेसपासून ६०,९९९. मग तिसऱ्यापासून. सगळी बेरीज सुमारे १८६ कोटी पावलं, आणि हाती शून्य, कारण कापायला शेवटी काही नव्हतंच.

आमच्या सर्व्हरवर तेव्हा गनिकॉर्न या रिक्वेस्ट वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमचे तीन वर्कर होते, म्हणजे काउंटरवर तीन कारकून. एखादा वर्कर ३० सेकंद अडकला तर गनिकॉर्न त्याला स्वतःहून मारून नवा उभा करतं. पण पीडीएफ बिलं बनायला वेळ लागतो म्हणून ती मर्यादा आम्हीच वाढवून १२० केली होती. सचिवांनी ‘सेव्ह’ दाबलं. काही हललं नाही. कुणीही करेल तेच त्यांनी केलं, परत दाबलं. मग परत. तिन्ही कारकून एकाच नोटिशीतल्या स्पेस मोजत बसले आणि बाकीच्या सगळ्या सोसायट्या बाहेर.

मी तेव्हा ठाणे स्टेशनच्या पुलावर, ट्रान्स-हार्बरकडे जाणाऱ्या गर्दीत. फोनवर आलेला आलेख बघून पहिला विचार ‘कुणीतरी हल्ला केला’ हाच आला. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मात्र मिनिटाला जेमतेम दहा रिक्वेस्ट. गर्दी नाही, तरी प्रोसेसर शंभर टक्के. डॉसची ही ओळखीची खूण आहे, आणि ती कळायला मला पाऊण तास लागला. दुरुस्ती एका ओळीची होती: रेगेक्स काढलं आणि पायथनचं साधं ‘आरस्ट्रिप’ लावलं. ते मागून सुरू होतं, ‘सचिव’ दिसले की थांबतं.

त्या नोटिशीचा आकार साठेक केबी होता. व्हॉट्सअ‍ॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोही त्याहून जड असतो.

हे फक्त तुमच्यासारख्या छोट्या लोकांचंच होतं ना?

२० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो, म्हणजे जगभरचे प्रोग्रॅमर जिथे उत्तरं शोधायला जातात ती साइट, ३४ मिनिटं बंद होती. कारण तंतोतंत हेच: एका पोस्टमधल्या सुमारे २०,००० सलग स्पेस आणि त्या कापणारं रेगेक्स. ती पोस्ट मुखपृष्ठावर आली. सर्व्हर जिवंत आहे का हे तपासणारी यंत्रणाही मुखपृष्ठच उघडून बघायची, त्यामुळे तिने एकेक करून सगळेच सर्व्हर मेलेले ठरवले. आमची चूक त्यांच्यानंतरची. म्हणजे वाचूनही शिकलो नव्हतो.

समोर फायरवॉल किंवा क्लाउडफ्लेअरसारखी पहारा देणारी सेवा लावली की काम झालं ना?

गर्दीवर झालं. ट्रेलरवर अर्धवट. फायरवॉल रिक्वेस्टची संख्या, येण्याचा पत्ता, ओळखीच्या खुणा बघते. साठ केबीची एकच सभ्य रिक्वेस्ट, तीही लॉगिन केलेल्या सचिवांची, तिला कोण अडवणार?

शिवाय फायरवॉलचे नियमसुद्धा रेगेक्समध्येच लिहितात. २ जुलै २०१९ ला, आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासात वाजत असताना, क्लाउडफ्लेअरने फायरवॉलचा एक नवा नियम जगभर एकदम लावला. त्यातल्या एका रेगेक्सने त्यांचेच प्रोसेसर शंभर टक्क्यांवर नेले आणि २७ मिनिटं असंख्य साइट्स उघडेनात. पहारेकरीच दारात आडवा पडला. तरीही आम्ही फायरवॉल वापरतो, तुम्हीही वापरा. फक्त तिच्या भरवशावर अपडेट पुढे ढकलू नका.

मोठा सर्व्हर घ्या की. पैसे आम्ही देतो.

हे वाक्य आम्हाला रोज ऐकायला आवडेल, पण या कामासाठी नको. रकाने दुप्पट केल्यावर काम चौपट होत असेल, तर दुप्पट दमाचा सर्व्हर घेऊन तुम्ही फार काही विकत घेत नाही. समोरच्याने स्पेसबार थोडा जास्त वेळ दाबला की हिशोब मूळ पदावर. ते पैसे लिफ्टला लावा.

मग अपडेट नेमकं काय करतो?

बऱ्याचदा मर्यादा घालतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या त्रुटींचं मूळ बहुतेक वेळा ‘इतकं कोण पाठवेल?’ याच गृहीतकात असतं. फॉर्ममध्ये रकाने किती? जँगोत ठरलेले १,०००. एका वेळी फाइली किती? फेब्रुवारी २०२३ पर्यंत मर्यादा नव्हती. एकाच रिक्वेस्टमध्ये असंख्य बारीक फाइली पाठवून मेमरी आणि उघड्या फाइलींचा कोटा संपवता येतो हे लक्षात आल्यावर (सीव्हीई-२०२३-२४५८०) ती १०० केली. त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला भाषेच्या हेडरबद्दलची त्रुटी आली होती: ब्राउझर ‘मला मराठी चालेल’ असं सांगतो ती ओळ जँगो लक्षात ठेवतो, आणि ती कितीही लांब असली तरी ठेवत होता. जुलै २०२३ मध्ये ईमेलचा पत्ता तपासणारं रेगेक्स सापडलं. आता पत्ता ३२० अक्षरांपुढे गेला तर तपासणीआधीच परत.

जँगो ज्या भाषेत लिहिलाय त्या पायथननेही २०२२ मध्ये असाच निर्णय घेतला. अंकांची लांबच लांब ओळ वाचून संख्या बनवायला ४,३०० आकड्यांची मर्यादा घातली. गणितवाले चिडले. आमचं सर्वात मोठं मेंटेनन्सचं बिलही त्यात आरामात बसतं, एखाद्या थकबाकीदाराचं व्याज धरूनसुद्धा.

या मर्यादांमुळे आमचं काम अडेल का?

अडलेलं आहे, लपवत नाही. ४०० फ्लॅटच्या एका संकुलाचे खजिनदार सगळ्या फ्लॅटची पाणीपट्टी, पार्किंग आणि सिंकिंग फंड एकाच पानावर भरायचे. ४०० गुणिले तीन म्हणजे १,२०० रकाने. जँगोची मर्यादा १,०००. ‘सेव्ह’ केलं की पांढऱ्या पानावर ‘बॅड रिक्वेस्ट’, आणि तासाभराचं टायपिंग गेलं. खजिनदारांनी मला जे ऐकवलं ते रास्त होतं.

अशा वेळी सगळीकडे दिसणारा सल्ला म्हणजे ‘मर्यादा काढूनच टाका’. चालतं, लगेच चालतं, आणि नेमकी तीच फट पुन्हा उघडी होते, तीही लॉगिनच्या पानासकट सगळ्या साइटवर. आम्ही ते पान विंगप्रमाणे तोडलं. अ विंग भरा, सेव्ह करा, ब विंगला जा. खजिनदार अजून म्हणतात, पूर्वीचंच बरं होतं.

अपडेट लगेचच का करावा लागतो? महिनाअखेरीला केला तर?

जँगो खुला आहे. दुरुस्ती बाहेर आली की कुठल्या ओळी बदलल्या हे जगाला दिसतं, आणि बदललेली ओळ म्हणजे फटीचा पत्ताच. दुरुस्ती जाहीर होते त्या क्षणापासून न सुधारलेली साइट आधीपेक्षा जास्त उघडी असते. म्हणून त्याच शनिवारी.

आवृत्तीचंही भान ठेवावं लागतं. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना साधारण तीन वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. ३.२ ची मुदत एप्रिल २०२४ ला संपली, ४.२ ची एप्रिल २०२६ पर्यंत ठरलेली, ५.२ ची एप्रिल २०२८ पर्यंत. मुदत संपलेल्या आवृत्तीवर साइट छान चालते, आणि हाच खरा धोका आहे. काही बिघडत नाही म्हणून कुणी हात लावत नाही.

कुणी मुद्दाम केलं तर तक्रार कुठे करायची?

आमच्याकडे, आणि पुढचं आम्ही बघतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशा घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये दुसऱ्याची सेवा अडवणं येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

आमचा मुलगा इंजिनीअरिंगला आहे, तो आपल्याच साइटवर करून बघू का म्हणतो.

वरचं उत्तर त्याला वाचून दाखवा. मग आमच्याकडे पाठवा, वेगळा टेस्ट सर्व्हर देतो. चहाही देतो.

दादा, सर्व्हर अडकला की पहिल्यांदा काय बघू?

रीस्टार्ट करू नकोस. हात शिवशिवतात, माहीत आहे. रीस्टार्ट केलंस की पुरावा गेला आणि दहा मिनिटांनी तोच प्रकार परत.

आधी रिक्वेस्टची संख्या बघ. ती वाढली असेल तर गर्दी. नेहमीइतकीच असून प्रोसेसर लाल असेल तर ट्रेलर शोध. अडकलेल्या वर्करवर ‘पाय-स्पाय डंप’ चालव, ती कमांड चालू प्रोग्रॅम बंद न करता तो या क्षणी कुठल्या ओळीवर आहे ते दाखवते. पाच सेकंदांनी परत चालव, मग परत. तिन्ही वेळा तीच ओळ आली तर सापडला. त्या दिवशी पुलावर उभं राहून मला हे सुचलं असतं, तर पाऊण तासाची पाच मिनिटं झाली असती.

आणि कोड लिहिताना प्रत्येक लूप, प्रत्येक रेगेक्सजवळ थांबून विचार: हा आकडा कोण ठरवतंय, मी की समोरचा? समोरचा ठरवत असेल तर आधी मर्यादा, मग काम. लॉगिनच्या आधी होणारं काम असेल तर दुप्पट काळजी, कारण तिथे तो कोण आहे हेही आपल्याला अजून माहीत नसतं.

नोटिशीत ‘सचिव’ उजवीकडे न्यायला स्पेस दिली तर चालेल का?

हवी तितकी द्या. नाहीतर मजकुराच्या वर, ठळक अक्षराच्या बटणाशेजारी, ‘सही उजवीकडे’ असं बटण दिलंय ते दाबा. ज्यांच्यासाठी ते बनवलं, ते सचिव अजून स्पेसबारच वापरतात.